क्रूझवर कोल्ड्रिंकचं पॅकेज? सगळ्यांना नको, एकाला घ्या

वहिनीची बहीण दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरहून क्रूझला चाललीये, नवरा-बायको, कॉलेजातला मुलगा आणि सासूबाई. एजंटचा फोन आला, "मॅडम सॉफ्ट ड्रिंक पॅकेज चौघांचं ॲड करून टाकू ना, सगळेच घेतात." तिने मला विचारलं कारण आम्ही ही सगळी भानगड आधी केलेली आहे. मी तिला एवढ्या लांबलचक व्हॉइस नोट पाठवल्या की शेवटी ती म्हणाली ताई तू लिहूनच काढ, मी ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये वाचते. तर हे घे.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा. क्रूझचं भाडं भरलं म्हणजे सगळं आलं असं नसतं. बुफे येतो, मोठ्या डायनिंग हॉलमधलं जेवण येतं, पाणी, साधा चहा, साधी कॉफी येते, बहुतेक जहाजांवर बुफेच्या मशीनमधलं लेमोनेड किंवा आइस्ड टी पण येतो आणि सकाळी नाश्त्याला ज्यूस. कोक, स्प्राइट, फँटा मात्र बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे वेगळे पैसे देऊन. अपवाद आहेत, डिस्नेच्या जहाजांवर जेवताना आणि डेकवरच्या मशीनवर कोल्ड्रिंक भाड्यातच धरलेलं असतं, त्यामुळे तिकडे जाणाऱ्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल. बाकीच्यांनी आपल्या जहाजाच्या साइटवर जाऊन भाड्यात काय काय येतं ते स्वतः वाचा, एजंटच्या तोंडावर विसंबू नका. त्याचं कमिशन असतं, त्याचा दोष नाही.

आता हिशोब. पॅकेज म्हणजे ठरलेले पैसे भरायचे आणि मग कोल्ड्रिंक हवं तेवढं प्यायचं. त्याचा भाव दर माणशी दर दिवसाचा असतो आणि तो पूर्ण सफरीसाठी घ्यावा लागतो, म्हणजे मला फक्त समुद्रातल्या दोन दिवसांचं द्या असं चालत नाही. शिवाय वर ग्रॅच्युइटी, म्हणजे बिलातच लावलेली टिप. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर ती 18 टक्के, कार्निव्हल या दुसऱ्या कंपनीने 20 केलीये. साइटवर जो आकडा मोठ्या अक्षरात दिसतो त्यात ती बऱ्याचदा धरलेली नसते, शेवटच्या पानावर येऊन मिळते. पण सुट्टा ग्लास घेतलात तरी त्याच्यावरही तेवढीच टक्केवारी लागते, त्यामुळे वसूल होतंय का हे बघायचं असेल तेव्हा ती दोन्हीकडून खोडून टाका आणि सरळ एका दिवसाच्या पॅकेजच्या किमतीला एका ग्लासच्या किमतीने भागा. समजा पॅकेज 14 डॉलर आणि ग्लास 4 डॉलर, तर साडेतीन. म्हणजे रोज चौथा ग्लास संपवाल तेव्हा कुठे तुम्ही फायद्यात. रोज म्हणजे रोज, ज्या दिवशी सकाळी आठला बंदरावर उतरून संध्याकाळी पाचला थकून परत येता त्या दिवशीसुद्धा.

खिशातून जाताना मात्र ग्रॅच्युइटी धरावीच लागते. 14 चे होतात साडेसोळा, चार रात्रींचे 66 डॉलर, म्हणजे एका माणसाचे साडेपाच-सहा हजार रुपये, चौघांचे बावीस-तेवीस हजार. कोल्ड्रिंकचे! खाली वाण्याकडे दोन लिटरची बाटली शंभरेक रुपयांत मिळते हे डोक्यात आलं की मराठी माणसाला तिथेच घाम फुटतो, पण ती तुलना करू नका, मग जहाजावर काहीच घेववत नाही.

खरा प्रश्न चौथ्या ग्लासाचा आहे, आणि तो माणसागणिक बदलतो. आमच्याकडचं सांगते. नवऱ्याला सकाळी चहा लागतो (जहाजावरचा चहा म्हणजे गरम पाण्यात बुडवलेली पिशवी, त्याबद्दल वेगळी पोस्ट लिहावी लागेल), अकराला परत चहा, जेवताना पाणी, चारला चहा. त्याच्या दिवसात कोक शिरायला जागाच कुठाय? सासूबाईंना थंड सोसत नाही, त्या बुफेवर पण बर्फ नको बर्फ नको करत असतात. मी जेवताना एखादं घेते, तेही तिखट असलं तर. उरला चिरंजीव, वय वर्षं सोळा, पूलमध्ये दीड तास, मग बर्गर आणि कोक, मग बास्केटबॉल आणि कोक, मग रात्री अकराला पिझ्झा आणि अर्थातच कोक. याला चौथा ग्लास दुपारी तीनच्या आत लागतो. तर पॅकेज याचं घ्यायचं, बाकीच्यांनी सुट्टं प्यायचं. दारूच्या पॅकेजला काही कंपन्या एका केबिनमधल्या सगळ्या मोठ्या माणसांना घ्यायला लावतात, ती भीती घालून एजंट कोल्ड्रिंकचंही चौघांचं खपवतात. कोल्ड्रिंकच्या पॅकेजला रॉयलवर तरी तसली सक्ती नाही, एकट्याला घेता येतं.

मग लगेच आपलं मुंबईकर डोकं चालायला लागतं, की एकाचं घेऊ आणि सगळे पिऊ. नाही जमत. रॉयलवर पॅकेजबरोबर एक झाकणाचा प्लास्टिकचा कप मिळतो, त्याच्या बुडात चिप असते. कोल्ड्रिंकच्या मशीनपुढे जाऊन कप ठेवला की स्क्रीन उजळते, शंभरावर फ्लेवर, चेरी वाला, व्हॅनिला वाला, लाइम वाला, आमचा मुलगा पहिल्या दिवशी तिथून हलेना आणि मागे रांग लागलेली. एकदा भरून झालं आणि लगेच दुसरा ग्लास भरायला तोच कप परत ठेवलात तर मशीन थोडा वेळ थांबायला सांगतं. म्हणजे कप घेऊन आज्जीसाठी एक, मम्मासाठी एक असली फेरी होत नाही. डायनिंग हॉलमध्ये वेटर तुमचं जहाजाचं कार्ड बघून ग्लास आणतो, ज्याचं कार्ड त्याचाच ग्लास. आणि खरं सांगायचं तर नियमातच लिहिलेलं असतं की वाटून प्यायचं नाही, मग उगाच मुलाला ते शिकवायला पण जाऊ नये.

हां, ग्लास म्हटलं की तो बर्फाने गच्च भरलेला असतो हे विसरू नका. उंच ग्लास येतो, वरून बघितलं तर भरपूर, पण दोन घोटात खाली नुसता बर्फ खुळखुळतो. सुट्टं घेणाऱ्यांनी "लेस आइस" सांगा, किंवा कॅन मिळतोय का विचारा. पॅकेजवाल्यांना फरक पडत नाही, त्यांनी परत भरायचं.

एक रस्ता अजून आहे जो एजंट सांगणार नाही. बऱ्याच कंपन्या चढायच्या दिवशी थोडी कोल्ड्रिंक्स सोबत आणू देतात. रॉयलवर एका केबिनला 12 कॅन किंवा बाटल्या, कार्निव्हलवर माणशी 12 कॅन पण बाटल्या नकोत, कॅनच. नियम बदलत असतात, निघायच्या आठवड्यात परत एकदा चेक करा. मुंबईहून न्यायचा वेडेपणा करू नका, विमानात हँडबॅगेत जाणार नाहीत आणि चेक-इनमध्ये उगाच वजन. सिंगापूरला आदल्या रात्री मुस्तफा नावाच्या मोठ्या दुकानात आपण सगळे जातोच, नाहीतरी तिथून बॅगा भरूनच निघतो, त्यात बारा कॅनचा एक पॅक घ्या. हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत टाकू नका, ती बॅग थेट केबिनवर येते आणि कधी कधी तपासायला बाजूला काढून ठेवतात मग तुम्ही रात्री नऊपर्यंत कपड्यांची वाट बघत बसा. केबिनमध्ये छोटा फ्रीज असला तर बरं, नसला तर केबिन अटेंडंटला सांगा, बर्फाची बादली तो आनंदाने भरून देतो. बारा कॅन चार रात्रींत मोठ्या तिघांना भरपूर झाले, दोन उरले ते शेवटच्या दिवशी सासूबाईंनी कोणालातरी देऊन टाकले.

आणि जलजिरा! नवरा हसला होता, पण मी जलजिऱ्याची आणि लिंबू सरबताची छोटी पाकिटं घेऊन गेले होते. बुफेवर बर्फाचं पाणी फुकट, लिंबाच्या फोडी चहाच्या काउंटरवर ठेवलेल्या, पाकीट फाडायचं, चमच्याने ढवळायचं, वरती फेस येतो, आणि काळ्या मिठाचा तो वास. बाजूच्या टेबलवरचं गुजराती कुटुंब बघतच राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या काकूंनी येऊन दोन पाकिटं मागून नेली. दुपारच्या जड जेवणानंतर पोटाला जे बरं वाटतं ते कुठल्याच पॅकेजमध्ये नाही.

बंदराच्या दिवशी तर जहाजावर पिण्याचा विचारच नको. सिंगापूरहून जाणाऱ्या चार रात्रींच्या सफरी बऱ्याचदा पेनांग आणि फुकेतला थांबतात. पेनांगला जायफळाच्या फळाचं सरबत मिळतं, आंबटगोड, आपल्याकडे श्रीखंडात किसून घालतो त्याच जायफळाच्या बाहेरच्या गराचं, ते सोडून तुम्ही जहाजावरच्या कोकसाठी परत येणार का? फुकेतला शहाळं. ते दोन दिवस पॅकेजचा मीटर चालू आणि तुम्ही बाहेर. चार रात्रींच्या सफरीत ज्या दिवशी खरंच जहाजावर पडून राहता असा पूर्ण दिवस एखादाच असतो. सात-आठ रात्रींची, जास्त दिवस समुद्रातच असलेली सफर असेल तर गणित थोडं पॅकेजच्या बाजूने झुकतं, हे मान्य.

वसूल करायच्या नादाबद्दलही बोलायला हवं. साध्या कोकच्या 355 मिलीच्या कॅनमध्ये 39 ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की मोठ्या माणसाने वरून घेतलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास ठेवली तर उत्तम. म्हणजे एका कॅनमध्येच गाडी पुढे निघून गेली, आणि वसूल करायला तुम्ही चार पिणार. पैसे दिलेत ना मग पी, असं म्हणणारा बाप प्रत्येक घरात असतो. आमच्याकडेही आहे. मुलाला मी मशीनवर डाएट आणि झिरो वाले फ्लेवर दाखवून ठेवले, निम्मे त्यातले प्यायला, निम्म्याचं मला माहीत नाही.

आता दुसरी बाजू, कारण माझी जाऊबाई हे वाचून भांडायला येणार. ती म्हणते पॅकेज पैसे वाचवायला घ्यायचंच नसतं, कटकट वाचवायला घ्यायचं. पोरांनी दर वेळी "मम्मा एक घेऊ?" विचारायचं, आपण मनात डॉलरचे रुपये करायचे, शेवटच्या रात्री बिल आलं की नवऱ्याने एकेक ओळ वाचून दाखवायची, हे सगळं टळतं. यात दम आहे. ज्या घरात दोन-तीन शाळकरी पोरं आहेत तिथे मी पण हेच सांगेन, पोरांचं घ्या आणि मोकळ्या व्हा. पोरांचा भाव काही कंपन्यांकडे मोठ्यांपेक्षा कमी असतो. पण स्वतःसाठी कटकट वाचवायला सहा हजार? मी चाळीशी पार केलीये, मला एका कोकला नाही म्हणता येतं.

वरच्या दर्जाची नॉन-अल्कोहोलिक पॅकेजं पण असतात, त्यात मॉकटेल, ताजा ज्यूस, बाटलीबंद पाणी, बरी कॉफी येते. भाव जवळजवळ दुप्पट. दारू न पिणारी पण रोज दोन चांगल्या कॉफी आणि संध्याकाळी मॉकटेल लागणारी माणसं असतील तर साध्या पॅकेजपेक्षा हेच बघा, कारण साध्या पॅकेजमध्ये मॉकटेल नाही, ताजा ज्यूस नाही, एनर्जी ड्रिंक नाही, आणि बारवर जाऊन व्हर्जिन मोहितो मागितलात की वेगळं बिल.

घ्यायचंच ठरलं तर निघायच्या आधी ऑनलाइन घ्या, चढल्यावर सहसा महाग पडतं. आधीचे भाव वरखाली होत असतात, सेल लागतात. रॉयलवर आधी घेतलेलं रद्द करून कमी भावात परत घेता येतं, निघायच्या थोडे दिवस आधीपर्यंत. कार्डाकडे पण बघा, डॉलरमधल्या पेमेंटवर आपल्या बऱ्याच क्रेडिट कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप (बँकेचा जादा आकार) आणि त्या मार्कअपवर जीएसटी, जहाजावरच्या बिलालाही तेच. फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं कार्ड, असेल तर ते लावा.

आपल्या बॅलार्ड पियरवरून सुटणाऱ्या मुंबई-गोवा टाइपच्या दोन रात्रींच्या सफरीला मात्र डोकं एवढंही चालवू नका. संध्याकाळी चढता, गर्दीत, सेफ्टी ड्रिल, जेवण, गाणीबजावणी, झोप. तिथे रुपयांतच बिल होतं, सुट्टं घ्या.

तर वहिनीच्या बहिणीला माझा निरोप असा गेला: मुलाचं एकट्याचं, तेही साइटवर सेल लागला तर, बाकी बारा कॅन मुस्तफामधून. एजंटला सांग की पॅकेज कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखव, एकत्र आकडा नको. त्याने दोन दिवस लावले, पण दाखवलं, आणि त्याचा भाव साइटपेक्षा जास्त निघाला. आता तिच्या सासूबाई म्हणताहेत जलजिऱ्याची पाकिटं किती घ्यायची, त्यांना मी वीस सांगितली आहेत कारण बाजूच्या टेबलवाले मागणारच.