सोलापूरच्या पोरांनी मला पिक्सेल शिकवला

आज सकाळी इथे अमेरिकेत, सेंट पॉलला उणे १९ होतं. पोरांना घेऊन शाळेमागच्या मैदानात गेले आणि दहा मिनिटांत तीन कॅमेरे बंद पडले. थंडीत बॅटरी मान टाकते. काढून आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवली की पुन्हा थोडा वेळ चालते. माझ्या तिसरी-चौथीच्या मुलांनाही हे आता पाठ झालंय. बॅटऱ्या उबवत ती बर्फात रांगेनं उभी होती, आणि मला महिन्याभरापूर्वीचं अक्कलकोट रोडचं ऊन आठवत होतं. आणि तिथली ती एकतीस पोरं. त्यांच्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात आहे.

इथे मिनेसोटात गेली तीन वर्षं मी एका प्राथमिक शाळेत शाळा सुटल्यावर डिजिटल फोटोग्राफीचा वर्ग घेते. आठवड्यातून दोन दिवस, चौदा मुलं, लोकांनी देऊन टाकलेले छोटे जुने कॅमेरे. उजेड, सावली, जवळ जाणं, खाली बसून बघणं हे मुलं पटकन उचलतात. अडायचं ते एकाच ठिकाणी. फोटो बारीक चौकोनांचा बनलेला असतो, एका चौकोनात एकच रंग, त्यालाच पिक्सेल म्हणायचं, एवढं साधं मला त्यांच्या गळी उतरवता येत नव्हतं. फरशा दाखवल्या, खेळातले ठोकळे रचून दाखवले. मुलं माना डोलवायची, पण चेहऱ्यावर काही उमटायचं नाही.

डिसेंबरात सोलापूरला गेले. माझी वहिनी पूर्व भागातल्या एका शाळेत चौथीला शिकवते. ती म्हणाली, "ताई, आलाच आहात तर आमच्या पोरांनाही दाखवा की." सहा कॅमेरे मी सोबत नेले होते, वहिनीचा आणि माझा असे दोन फोन. वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुलं निम्म्याहून जास्त, काही कन्नड, उरलेली मराठी, आणि मधल्या सुट्टीत तिन्ही भाषा एकाच वाक्यात.

पहिल्या दिवशी कॅमेरा दिलाच नाही. पुठ्ठ्याच्या चौकटी कापून दिल्या आणि त्यातून बघायला लावलं. दुसऱ्या दिवशी फोनच्या पडद्यावर पांढरं पान उघडलं आणि बोटाच्या टोकानं पाण्याचा एक अगदी बारका थेंब त्यावर ठेवला. हा प्रयोग तुम्ही घरी नक्की करा. थेंब भिंगासारखं काम करतो, आणि पांढऱ्या पडद्यावर लाल, हिरवे, निळे कण चमकायला लागतात. एकेक जण वाकून बघत होतं. "बाई, पांढऱ्यात लाल कुठनं आलं?" एका मुलीनं विचारलं. तिला उत्तर द्यायच्या आधीच मागून एक मुलगा पुढे आला, थेंबात बघितलं, मग मी मोठा करून ठेवलेला मोराचा फोटो बघितला. मोराच्या मानेची कड तिथे पायऱ्यापायऱ्यांची दिसत होती.

"ओ बाई, हे तर ग्राफ हाय की! आमच्या पप्पांकडं हाय."

दुसऱ्या दिवशी तो खरंच घरून एक गुंडाळी घेऊन आला. चादरीच्या डिझाईनचा जुना ग्राफ होता तो. कागदाच्या घड्या मळलेल्या, पण एकेक चौकोन रंगानं भरलेला, आणि त्यात मोर. त्याने बोट ठेवून सगळ्या वर्गाला सांगितलं: चौकोन भरला असेल तर उभा धागा वर उचलायचा, रिकामा असेल तर खाली ठेवायचा, ग्राफ बघून कार्डाला भोकं पाडतात, कार्ड मागावरच्या जॅकार्डला, म्हणजे धागे उचलणाऱ्या यंत्राला, लावतात. मग वहिनीनं शाळेतलीच एक चादर जमिनीवर अंथरली. पोरांनी मोराच्या मानेवरून बोट फिरवलं. लांबून गोल दिसणारी मान बोटाला पायऱ्यांची लागत होती. तीन वर्षं मी जे सांगायला धडपडत होते, ते त्या वर्गातल्या निम्म्या घरांत रोज विणलं जातं.

त्या दिवशी मी ठरवलेला पाठ बाजूला ठेवला आणि त्यांना दोन सालं सांगितली. फ्रान्समध्ये जॅकार्ड नावाच्या माणसाने आपला माग दाखवला तो १८०४ च्या सुमारास. आणि अमेरिकेत कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला १९७५ साली. त्या कॅमेऱ्याचा फोटो होता शंभर बाय शंभर चौकोनांचा, आणि तो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागायचे. "म्हणजे दहा हजार चौकोन," फळ्यावर गुणाकार न करता एकीनं सांगितलं. आणि लगेच, "एवढ्यात मोर बसत नाही बाई, नुसती कैरी बसंल." चादरीच्या काठावरच्या कैरीबद्दल बोलत होती ती. नऊ वर्षांची मुलगी रिझोल्यूशन म्हणजे काय ते मला सांगत होती, आणि अगदी बरोबर सांगत होती.

मग त्या मुलाच्या वडिलांनी सगळ्यांना कारखान्यात बोलावलं. आत अंधार, हवेत कापसाचा भुरका, आणि यंत्रमागांची खटखट इतकी की मला हातवारे करून शिकवावं लागलं. उजेड कमी म्हणून कॅमेऱ्याचं झाकण आपोआप जास्त वेळ उघडं राहत होतं. सगळ्यांच्या फोटोत माग स्वच्छ आला आणि आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याच्या जागी नुसती पांढरी रेघ. एकाच्या फोटोत तर धोटा नव्हताच. तो रडवेला झाला. बाहेर ओट्यावर बसून मी त्याला पॅरिसच्या एका रस्त्याची गोष्ट सांगितली. दागेर या सुरुवातीच्या फ्रेंच फोटोग्राफरने १८३८ साली खिडकीतून त्याचा फोटो घेतला. रस्ता माणसांनी, घोडागाड्यांनी भरलेला, पण फोटोला काही मिनिटं लागत असल्यानं चालणारं सगळं पुसलं गेलं. बूट पॉलिश करून घ्यायला एक माणूस एका जागी उभा होता, तेवढा उरला. पोराने फोटो पुन्हा बघितला आणि म्हणाला, "मग माझा धोटा लै जोरात होता." तो फोटो त्याने शेवटपर्यंत डिलीट केला नाही.

एक गोष्ट मी इथून तिकडे नेली, तिचं मला फार समाधान आहे. इथल्या शाळेत मुलाचा फोटो काढायला पालकांची लेखी परवानगी लागते, आणि ज्यांची नसते त्यांचा चेहरा टाळून फोटो काढायला आम्ही शिकतो. सोलापुरात आधी उलटंच होतं, जो तो "माझा काढा, माझा काढा" करत अंगावर येत होता. तरी मी नियम केला: आधी विचारायचं, नाही म्हटलं तर कॅमेरा खाली. एक मुलगी शेजारच्या विडी वळणाऱ्या अव्वांकडे गेली आणि दारातच उभं राहून तेलुगूत विचारलं. अव्वा म्हणाल्या, तोंड नको, हात काढ. तिनं काढलेला फोटो माझ्या टेबलासमोर लावलाय. मांडीवर सूप, त्यात कापलेली तेंदूची पानं, आणि पान गुंडाळणारी दोन बोटं, नखांत तंबाखू बसलेली. तोंड नाही, तरी बाई पूर्ण दिसते. फोटो प्रिंट करून आम्ही अव्वांना नेऊन दिला. त्यांनी तो देव्हाऱ्याजवळ उभा करून ठेवला.

जानेवारीत गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा, भरली. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक झाला त्या दिवशी पोरांना रस्त्याच्या कडेला उभं केलं. सातही नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या, आणि मागे-पुढे पांढऱ्या बाराबंदीतली, म्हणजे बंदांच्या अंगरख्यातली, माणसंच माणसं. इथं बर्फात शिकवते ते तिथं कामाला आलं. सगळं पांढरं असलं की कॅमेरा ते करड्याकडे ओढतो, बर्फही मळकट येतो आणि बाराबंदीही. पडद्यावर बोट ठेवून उजेड थोडा वर सरकवायचा, की पांढरं पांढरं राहतं. पोरांनी ते केलं. नंदीध्वजांची टोकं मात्र एकूणएक फोटोंत कापली गेली, कारण पोरं खालून बघत होती. त्यांच्या फोटोत होते धावणारे अनवाणी पाय आणि काठी पेलणाऱ्यांचे ताणलेले खांदे. मी लहानपणापासून गड्डा बघतेय, पण ते खांदे मी कधी नीट बघितले नव्हते.

परत येताना बॅगेत शेंगा चटणी कमी केली आणि चादर घेतली. मागच्या सोमवारी ती वर्गात अंथरली. चौदाही मुलं पोटावर आडवी होऊन मोराची मान बोटानं तपासत होती. त्यात एक मोंग मुलगी आहे. लाओसमधल्या युद्धानंतर १९७५ पासून मोंग लोक इकडे आले, सेंट पॉलमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. ती म्हणाली, "माझी आजी असंच मोजते." बुधवारी तिनं पातळ कागदात गुंडाळून आजीच्या भरतकामाचा तुकडा आणला. एकेका फुलीचा टाका, चौकोन मोजून घातलेला. त्याचा फोटो तिनंच काढला, जवळ जाऊन, खिडकीच्या उजेडात.

तो मी वहिनीला पाठवला. रात्री तिकडून त्या ग्राफवाल्या मुलाचा आवाज आला: "बाई, छान हाय. पण चौकोन किती, ते विचारा की तिला."

ती मोजतेय. काल शाळा सुटेपर्यंत २१२ झाले होते.