विस्कॉन्सिनच्या सरकारी जंगलात हरणासाठी लपण

अमेरिकेतल्या उत्तर विस्कॉन्सिनमधलं 'नॉर्दर्न हायलँड-अमेरिकन लीजन' हे या राज्याच्या मालकीचं सगळ्यात मोठं जंगल, दोन लाख एकरांहून जास्त. परवाना काढला की कुणालाही इथे हरणाची शिकार करता येते. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा ९ दिवसांचा हंगाम सुरू होतो. ग्रीन बेच्या एका कागद कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे शेजारी दरवर्षी येतात. यंदा लपण, म्हणजे शिकाऱ्यानं दडून बसायचा आडोसा, लावायला मीही त्यांच्याबरोबर गेलो.

सगळा वेळ गेला तो जागा ठरवण्यात. खाली दलदलीत सीडरची दाट राई, हरणं दिवसा तिथे बसतात. वर तोडीनंतर फुटलेलं ॲस्पेनचं कोवळं रान, तिथे चरतात. मधल्या वाटेवर ताज्या लेंड्या, आणि शिंगं घासून साल निघालेली रोपटी. शेजाऱ्यांनी चिमूटभर भुकटी हवेत सोडली. वारा वायव्येचा होता. मग लपण वाटेच्या आग्नेयेला, म्हणजे आमचा वास हरणाकडे जाणार नाही. समोर मातीचा उंचवटाही हवाच, नेम चुकला तर गोळी त्यात रुतावी. तो दिसेपर्यंत त्यांनी पाठीवरचं ओझं उतरवलं नाही, आणि मला माणूस तिथेच कळला.

पुढचं काम भराभर झालं. घडीचा तंबू उघडला, खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. पाय हलला तरी आवाज नको म्हणून आतला पाचोळा पार मातीपर्यंत ओढून काढला. मागच्या खिडक्या बंद, नाहीतर उजेडात माणसाची आकृती उठून दिसते. बाहेरून खाली पडलेल्या फांद्या टेकवल्या. जिवंत झाडाला हात लावायचा नाही.

एवढं लपवून झाल्यावर त्याच तंबूवर भडक नारिंगी कापड बांधलं! हंगामात राज्याच्या जमिनीवर अशा लपणावर निदान १४४ चौरस इंच नारिंगी किंवा भडक गुलाबी रंग चारी बाजूंनी दिसला पाहिजे, असा नियम आहे. हरणाला नारिंगी रंग आपल्यासारखा ठळक दिसत नाही, पण झाडीत फिरणाऱ्या दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो. दाराशी शेजाऱ्यांच्या ओळख क्रमांकाची चिठ्ठीही लावली. लपण लावलं म्हणून जागा आपली होत नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर असली शिकार थांबली. मी मचाणावर बसलो तो ताडोबात, बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला, हातात वही घेऊन. ते मचाण वनखात्याचं, जागाही त्यांनीच ठरवलेली. इथे हा सगळा विचार एका सामान्य माणसाच्या माथी आहे, आणि हातात बंदूक आहे. तो इतक्या निगुतीनं केलेला पाहून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

शनिवारी उजाडल्यावर एक मादी पाडसासह त्या वाटेनं आली. त्यांनी बंदूक उचलली नाही. नर दुपारनंतर आला. एकच गोळी. त्यांनी फोनवरून शिकारीची नोंद केली आणि हरणांमधल्या रोगाच्या तपासणीसाठी नमुनाही दिला.