‘यात किती मावतील?’: एका सर्व्हरची चार उत्तरं

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात. आयटी म्हणजे मी आणि एक शिकाऊ मुलगा. स्टोअरला लागून असलेल्या खोलीत अकरा जुनी मशिनं होती. दोन-तीन खरे सर्व्हर, बाकीचे डेस्कटॉपच, एक तर झाकण काढलेलंच चालायचं. दीड टनाचा एसी असूनही एप्रिलमध्ये दार उघडं टाकून पंखा लावावा लागे. दोन वर्षं मागे लागल्यावर नवा सर्व्हर मंजूर झाला: 16 कोअरचे दोन प्रोसेसर, 256 जीबी रॅम, 4 टीबीच्या सहा डिस्क. जुनी मशिनं आता या एकाच सर्व्हरच्या आत व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरनं बनवलेली आभासी मशिनं, म्हणून चालवायची होती. खोकं उघडत असताना साहेब येऊन उभे राहिले. "काय रे, यात किती मशिनं मावतील?"

मी तोंड उघडायच्या आत पुरवठादाराचा माणूस बोलला, "तीस आरामात, सर."

खरं सांगतो, तेव्हा मलाही ते पटलं. कारण कोअर मोजले की उत्तर तीसच येतं. स्क्रीनवर 64 थ्रेड दिसतात, पण ते मी धरले नाहीत. हायपरथ्रेडिंगमुळे (एका कोअरचे दोन भासवणं) काम पाव-एक वाढतं, कोअर दुप्पट होत नाही. साध्या ऑफिसकामाला एका खऱ्या कोअरमागे तीन व्हीसीपीयू (व्हीएमला दिलेले आभासी कोअर) चालून जातात, म्हणजे 32 चे 96. आमच्या यादीत चौदा व्हीएम होत्या आणि त्यांना मिळून 46 व्हीसीपीयू. सरासरी सव्वातीन. 96 ला त्यानं भागा, एकोणतीस-तीस येतात. गडी चुकला नव्हता. त्यानं एकच गणित केलं होतं, इतकंच.

इथे एक आगाऊ सल्ला. ईआरपीवाला (कारखान्याचा सगळा व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा माणूस) "आठ कोअर, 64 जीबी लागणारच" म्हणतो. टॅलीचं काम बघणाराही तसंच काहीतरी सांगतो. प्रत्येकाचं ऐकलं तर दोन सर्व्हर लागतील. आणि गरजेपेक्षा जास्त व्हीसीपीयू दिल्यानं मशीन पळत नाही, कधीकधी उलट अडतं, कारण रिकाम्या व्हीसीपीयूचीही सांभाळणी होस्टला, म्हणजे सगळ्या व्हीएम चालवणाऱ्या मूळ सर्व्हरला, करावी लागते. मी ईआरपीच्या डेटाबेसला 32 जीबी दिली, ती आजही पुरते.

रॅमचं उत्तर वेगळं आलं. कोअर पाळीपाळीनं वापरता येतो, रॅमचं तसं नाही. बलूनिंगनं थोडी इकडची तिकडे फिरवता येते, पण खरोखर कमी पडली की होस्ट स्वॅपवर जातो, म्हणजे रॅमऐवजी संथ डिस्क वापरतो, आणि मग सगळेच रडतात. म्हणून 256 मधले 16 होस्टला ठेवले, उरलेल्यातला पाचवा हिस्सा शिल्लक ठेवला. हाती राहिली 192. चौदा व्हीएमची बेरीज 152. म्हणजे 8 जीबीच्या आणखी पाच. एकूण एकोणीस.

तिसरं उत्तर लायसन्सचं. विंडोज सर्व्हर स्टँडर्डमध्ये सर्व्हरचे सगळे कोअर लायसन्स केले की फक्त दोन व्हीएमचा हक्क मिळतो. आणखी दोन हव्या, तर सगळे कोअर पुन्हा एकदा. आमच्या दहा विंडोज सर्व्हर मशिनांना 32 कोअरचे पाच संच. ही बेरीज अकाउंट्सला दाखवल्यावर अंतर्गत पोर्टल आणि लेबल प्रिंटिंग लिनक्सवर गेलं, संच चारवर आले. हायपरवायझर, म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणून प्रॉक्समॉक्स घेतला. 2023 च्या शेवटी ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर (असंच दुसरं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) विकत घेतल्यावर कायमस्वरूपी लायसन्स मिळणं बंद झालं होतं आणि दरवर्षीचा खर्च आमच्याकडे कुणी मंजूर केला नसता.

डिस्कचं गणितही मी केलं होतं. तिथेच माती खाल्ली.

जुन्या प्रत्येक मशिनवर परफमॉन (विंडोजचं मोजमापाचं साधन) लावून दोन आठवडे मोजमाप घेतलं, 5 ते 18 तारीख. 7 चा पगार त्यात आला, 11 चं जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी विवरण) आलं, म्हणून मी निर्धास्त. सगळ्यांचं मिळून सरासरी 90 आयओपीएस, म्हणजे सेकंदाला डिस्कवरची वाचण्या-लिहिण्याची 90 कामं, त्यातलं साठ टक्के लिहिणं. 7200 आरपीएमची डिस्क साधारण 75 देते, सहांचे 450. रेड 5 मध्ये (एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचावा म्हणून डिस्क एकत्र जोडण्याची एक पद्धत) एक छोटं लिहिणं म्हणजे डिस्कवर चार कामं: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (गेलेला डेटा परत काढायची हिशेबाची नोंद) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. म्हणजे 36 वाचणं अधिक 54 चौक 216, एकूण 252. अर्ध्याच्या थोडं वर. बसतंय की!

दोन शनिवार आणि त्यांच्या रात्री घालवून सगळं हलवलं. पहिले आठ-दहा दिवस गुळगुळीत. रेड कार्डावर बॅटरीवाली कॅश (तात्पुरती जलद मेमरी) असते, ती छोटे लोंढे गिळून टाकते, हे मला माहीत होतं. तीच माझी चूक झाकतेय, हे मात्र ध्यानात आलं नाही.

मग महिनाअखेर आली. 31 तारीख, संध्याकाळचे सव्वापाच. गेटवर चाकणला जाणाऱ्या तीन गाड्या भरून उभ्या आणि इन्व्हॉइस निघेना. इन्व्हॉइस नाही तर ई-वे बिल नाही, ई-वे बिल नाही तर गाडी हलत नाही. डिस्पॅचवाले भाऊ फोनवर, "सर, एका बिलाला चार मिनिटं लागतायत, ड्रायव्हर शिव्या देतोय." मी ईआरपीचं मशीन उघडलं. सीपीयू 12 टक्के. रॅम निम्मी मोकळी. रिसोर्स मॉनिटर उघडायलाच मिनिट गेलं आणि त्यात डिस्कचा रिस्पॉन्स टाइम 180 मिलिसेकंद. प्रॉक्समॉक्सच्या पानावर सीपीयूच्या आलेखातली एरवी तळाशी पडून राहणारी आयओ डिलेची (डिस्कची वाट बघण्यात गेलेल्या वेळेची) रेघ 38 टक्क्यांवर.

कोण खातंय ते शोधायला शिकाऊ मुलगा एकेक व्हीएम उघडत होता. तिसऱ्या मशिनवर तो म्हणाला, "सर, इथेपण अँटिव्हायरसचा फुल स्कॅन चालूय." पणच्या पुढे मी ऐकलंच नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी पाच वाजता पूर्ण स्कॅन, हे वेळापत्रक मीच तीन वर्षांपूर्वी लावलं होतं. तेव्हा प्रत्येक मशीन स्वतःच्या डिस्कवर स्कॅन करायचं, शेजाऱ्याला झळ नव्हती. मशिनांबरोबर ते वेळापत्रकही मी जसंच्या तसं उचलून आणलं होतं आणि आता चौदापैकी दहा जणी त्याच सहा डिस्कवर तुटून पडल्या होत्या.

स्कॅन बंद केले. पावणेसहाला बिलं निघू लागली, पण एका बिलाला मिनिटभर तरी लागतच होतं. म्हणजे सगळा दोष स्कॅनचाही नव्हता. रात्री बसून फक्त महिनाअखेरचे, स्कॅन थांबल्यानंतरचे आकडे घेऊन मागणीचा अंदाज काढला: 620 आयओपीएस, त्यातलं तेच साठ टक्के लिहिणं. 248 वाचणं, 372 चौक 1488. एकूण 1736, आणि माझ्याकडे 450. चौथं उत्तर हे होतं: या डिस्कवर चौदा सोडा, महिनाअखेरीला पाचही धड चालत नाहीत.

दुसऱ्या दिवशी स्टोअरच्या काकांना का अडलं ते सांगत होतो. ते म्हणाले, "गोडाऊन केवढंय ते कोण विचारतं? संध्याकाळी दारातून एका वेळी किती ट्रॉल्या निघतात ते बघायचं असतं." त्यांना आयओपीएस समजावायला मी वहीत दोन पानं चित्रं काढली होती. ती दाखवलीच नाहीत.

साहेबांना सांगणं सगळ्यात अवघड होतं, कारण नव्या सर्व्हरला महिनाही झाला नव्हता. आलेख दाखवला, चूक माझी म्हणून सांगितलं. ते पाच मिनिटं बोलले, ते इथे लिहीत नाही. शेवटी चार एसएसडी आल्या, रेड 10 मध्ये (पॅरिटीऐवजी डेटाच्या दोन प्रती). तिथे एका लिहिण्याला दोनच कामं आणि एकेक एसएसडी हजारोंनी आयओपीएस देते. व्हीएम सगळ्या तिकडे, जुन्या सहा डिस्कवर फाइल शेअर आणि बॅकअप. स्कॅन आणि बॅकअप आता दोन-दोन मशिनांचे, रात्रीच्या वेगवेगळ्या तासांना. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग मुद्दाम बाहेरच ठेवलंय. चोवीस तास लिहीत बसणाऱ्या पाहुण्याला घरात घेऊ नये.

आता बंधन पुन्हा रॅमचं, म्हणजे एकोणीस. पण मी त्याच्याही खाली थांबतो, आणि त्याचं कारण अडचणीसाठी ठेवलेला जुना 128 जीबीचा सर्व्हर. नवा बंद पडला तर सहा मशिनं तिथे उठवायची आहेत: डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारं), ईआरपीचा डेटाबेस आणि अ‍ॅप, टॅली, फाइल, हजेरी. बेरीज 92 जीबी. आणखी एखादं अत्यावश्यक चालेल, दोन नाही. ही यादी छापून खोलीच्या दारावर लावलीय, माझा फोन लागला नाही तर म्हणून.

सध्या सोळा चालू आहेत. परवा क्वालिटीच्या मॅडम नवी व्हीएम मागायला आल्या. "छोटीशीच हवीय, चार जीबी." मी विचारलं, "महिनाअखेरीला तुमचा रिपोर्ट किती वाजता निघतो?" त्यांना वाटलं मी टाळतोय.