जुनी विंचेस्टर सोडली, नवी मार्लिन घेतली

इथे अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये शेजाऱ्याकडून रायफल घ्यायची तर कायद्याने एक कागदसुद्धा लागत नाही. दुकानातून घ्या, मग केंद्र सरकारचा बंदूक खरेदीचा फॉर्म ४४७३ भरा, बॅकग्राउंड चेक होऊ द्या, पण एकाच राज्यातली दोन माणसं आपापसात व्यवहार करत असतील तर पैसे द्या आणि बंदूक घेऊन घरी जा. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्याच्या वडिलांची विंचेस्टर ९४ रायफल मला देऊ केली तेव्हा हे कळलं आणि मी हादरलोच. आमच्या कुडाळला आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती, भातात रानडुकरं घुसायची म्हणून. परवान्याचं नूतनीकरण करा, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करा, पावती जपून ठेवा, निकाल लागला की परत आणायला जा. घरात सगळे वैतागायचे त्या खेपांना. मला आता वाटतं आपलंच बरोबर होतं, आणि हे मी स्वतः इथे बंदूक घेणारा माणूस म्हणून सांगतोय.

हरणाची शिकार कशाला, हे विचारणारे नातेवाईक आहेतच. इथे हायवेच्या कडेला मेलेली हरणं नेहमीची, मक्याचं, सोयाबीनचं नुकसान वेगळं, आणि जे मारतो ते फ्रीझरमध्ये जाऊन वर्षभर खाल्लं जातं. आपल्याकडे १९७२ पासून शिकारीला बंदी आहे ती योग्यच आहे, आपली जंगलं आणि इथली परिस्थिती वेगळी.

तर ती विंचेस्टर. जॉन ब्राउनिंगने डिझाइन केलेली, १८९४ ची, आजवर ७० लाखांवर विकली गेलेली रायफल. शेजाऱ्याची १९६४ च्या आधीची आहे आणि इथे या एका आकड्याची जी पूजा चालते ना, त्याने माझं डोकं उठलंय! कुठेही विषय काढा, लोक आधी सिरीयल नंबर विचारतात, २७ लाखांच्या आतला असला की खरी, बाकी सगळं टाकाऊ. कारण अगदीच खोटं नाही, १९६४ ला कंपनीने खर्च वाचवायला काही भाग मशीनवर कोरून काढण्याऐवजी पत्र्यातून ठोकून बनवायला सुरुवात केली, काडतूस वर उचलणारी पट्टी त्यातलीच एक. जुनीची लिव्हर, म्हणजे चापाखालचा दांडा जो खाली-वर केला की पुढचं काडतूस भरलं जातं, मी चालवून बघितली, इतकी गुळगुळीत की हात थांबत नव्हता, शिसवीसारखा काळा पडलेला अक्रोडाचा दस्ता, आणि मधोमध, जिथे हातात धरून चालतात तिथे, काळा रंग उडून पांढरं पोलाद दिसतंय. सुंदर आहे, यात वादच नाही.

पण मला ती वापरायची आहे. पन्नाशी जवळ आली, नेम धरायची मागची खाच आणि पुढचा मणी दोन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत, म्हणजे दुर्बीण पाहिजेच. आणि जुन्या ९४ मधून रिकामं काडतूस सरळ वर उडतं, त्यामुळे वर मधोमध दुर्बीण बसत नाही, बाजूला बसवायची तर भोकं पाडावी लागतात, आणि असल्या रायफलला भोक पाडणं मला जमणार नाही. दुसरं म्हणजे सेफ्टी. जुनीला वेगळी सेफ्टी नाही, चेंबरमध्ये जिवंत काडतूस असताना घोडा अंगठ्याने धरून, चाप दाबून, हळूच अर्ध्या खाचेवर आणायचा. हरणाचा सीझन नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, पारा शून्याखाली, हातात जाड ग्लोव्हज, बोटं बधिर. इथले जुने शिकारी म्हणतात आमचे आजोबा असंच करायचे. करत असतील, ते लहानपणापासून करत होते, मी मोठेपणी शिकलोय, माझ्या घरी दोन लहान मुलं आहेत.

मार्लिन ३३६ ही तशीच लिव्हरवाली रायफल, पण तिच्यात काडतूस बाजूने बाहेर पडतं, वर सपाट जागा आहे, दुर्बिणीसाठी भोकं कारखान्यातूनच येतात, आणि रायफल रिकामी करताना आडवी सेफ्टी दाबली की घोडा सुटला तरी काडतूस उडवणाऱ्या पिनवर आदळत नाही. फक्त नवी म्हणून कुठलीही घेऊ नका. रेमिंग्टन या दुसऱ्या बंदूक कंपनीने मार्लिन कंपनी २००७ मध्ये घेतली, पुढे कारखाना न्यूयॉर्कमधल्या इलियनला हलवला आणि सुरुवातीच्या वर्षांतला माल इतका बदनाम झाला की लोक बॅरलवर जुना, रेमिंग्टनच्या आधीचा जेएम शिक्का शोधत फिरायचे. रेमिंग्टन बुडाल्यावर २०२० मध्ये रुगर कंपनीने मार्लिन विकत घेतली आणि ३३६ परत बाजारात आली ती २०२३ मध्ये, नॉर्थ कॅरोलिनात बनलेली. मी तीच घेतली. अक्रोडाचाच दस्ता, तेच .३०-३० काडतूस, जे १८९५ पासून चालत आलंय. लिव्हर अजून थोडी कडक आहे, वापरून सुटेल.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या शिकारविरोधी मावशीलाही पटली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने नव्या रायफलवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो, आणि तो पैसा राज्यांकडे वन्यजीवांच्या कामाला जातो. जुनी बंदूक हात बदलते तेव्हा त्यात एक पैसाही पडत नाही.

शेजाऱ्याला नाही म्हणायला जड गेलं, त्याने वाईट वाटून घेतलं नाही, उलट दुर्बीण कुठली घेतोस ते विचारलं. काडतुसं १५० ग्रेन वजनाच्या गोळीची, चपट्या नाकाची आणलीत, कारण बॅरलखालच्या साठ्याच्या नळीत ती एकामागे एक असतात आणि टोकदार गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे ठोका बसला की पेटणाऱ्या भागावर, टेकतं. पुढच्या शनिवारी रेंजवर जाऊन १०० यार्डांवर दुर्बीण झिरो करायचीय, म्हणजे नेम तिथेच गोळी लागेल अशी जुळवायचीय, आणि भडक नारिंगी जॅकेट अजून घ्यायचंय.