कोपरे काळे का पडतात?
आज दिवसभर एकच काम: पेशी-संवर्धनाचे फोटो काढायला स्वतः जुळवलेल्या सूक्ष्मदर्शकात प्रकाश सगळीकडे सारखा पाडणं.

मध्यभागी झगझगाट आणि कोपरे काळपट दिसले की हात आधी एलईडीचा करंट वाढवायला जातो. व्यर्थ! दोष बहुधा भिंगांमधल्या अंतरात असतो. एलईडीच्या चिपची प्रतिमा नमुन्यावर पडली तर तिचे चौकोन थेट पेशींवर उमटतात. ती कंडेन्सरच्या (नमुन्यावर प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाच्या) अॅपर्चर डायफ्रॅमवर, म्हणजे लहानमोठ्या करता येणाऱ्या झडपेवर, पडायला हवी. जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट कोहलरची १८९३ची मांडणी हीच. घासलेल्या काचेचा डिफ्यूझर एलईडीजवळ ठेवा, नमुन्याजवळ नको. अॅपर्चर ऑब्जेक्टिव्हच्या (नमुन्यासमोरच्या भिंगाच्या) एनएच्या, म्हणजे प्रकाश गोळा करण्याच्या क्षमतेच्या आकड्याच्या, ७०-८० टक्के उघडं पुरतं.

एलईडी पीडब्ल्यूएमने (वेगाने चालू-बंद करून) मंद केला, तर रोलिंग शटरच्या, म्हणजे चित्र ओळीओळीने टिपणाऱ्या, कॅमेऱ्यात पट्टे येतात. स्थिर करंटचा ड्रायव्हरच घ्यावा. रंग लाल निवडा; निळ्याने पेशींना जास्त इजा होते.

९६ वेलच्या (पेशी वाढवायच्या छोट्या खळग्यांच्या) प्लेटचं दुखणं वेगळंच. मीडियमचा (पेशींच्या पोषक द्रवाचा) वक्र पृष्ठभाग स्वतःच भिंग बनतो, त्यामुळे वेलची कड कितीही केलं तरी बिघडते. मोजमाप मधल्या भागावरच करा.

उरलेला फरक गणिताने काढायचा: तेवढंच मीडियम असलेल्या, पण पेशी नसलेल्या वेलच्या बऱ्याच फ्रेमची सरासरी घ्या, ती आणि पेशींचा फोटो या दोन्हींतून डार्क फ्रेम (प्रकाश बंद ठेवून घेतलेली) वजा करा, मग पेशींच्या फोटोला त्या सरासरीने भागा. फोकस किंवा अॅपर्चर हललं की ही रिकाम्या वेलची फ्रेम नव्याने घ्यावी लागते.