कबूल, कबुली, कबुलीजबाब

‘त्याने पन्नास हजार कबूल केले.’ एवढंच वाक्य कानावर पडलं, तर तो पैसे देणार आहे की आधीच लाटून बसलाय? दोन्ही अर्थ बरोबर. वचनालाही कबूल, गुन्ह्यालाही कबूल. मराठीत हे खपून जातं, कारण मूळ अरबी शब्दात ‘सांगणं’ नाहीच. क-ब-ल ही तीन अक्षरं तिथे ‘समोर’ या अर्थाभोवती फिरतात. समोर आलेलं घेणं म्हणजे कबूल, नमाजाला तोंड करायची दिशा किब्ला, समोरासमोर येणं मुकाबला. कन्फेशनच्या लॅटिन मुळाशी मात्र बोलणं आहे.

म्हणून कबूल करताना काही गुपित फोडावं लागतंच असं नाही. पुढ्यात ठेवलेलं मान्य केलं की झालं. सोळाव्या शतकातल्या शेरशाह सूरीच्या काळात सरकार रयतेला जमिनीचा पट्टा देई आणि सारा भरायला तयार असल्याचा कागद रयतेकडून लिहून घेई. त्या कागदाचं नाव कबुलायत. अपराधाचा संबंधच नाही.

दिवाणी कोर्टात हा अर्थ अजून जिवंत आहे. प्रतिवादीची कैफियत, म्हणजे दाव्याला त्याने दिलेलं लेखी उत्तर, उघडा, ‘कलम 3 मधील मजकूर खरा नसून तो या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही’ छापाचं वाक्य पानापानावर भेटेल. कंटाळवाणं वाटतं, पण ते गाळणं महागात पडतं. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 8, नियम 5 प्रमाणे जे स्पष्टपणे नाकारलं नाही, ते सामान्यतः कबूल धरलं जातं. म्हणजे गप्प बसणं हीसुद्धा कबुलीच!

फौजदारीत याच्या उलट कडक पहारा. इथे कबुलीचा कबुलीजबाब होतो; त्यातला ‘जबाब’ही अरबीच, मूळ अर्थ उत्तर, जबाबदार म्हणजे ज्याला उत्तर द्यावं लागतं तो. बातम्यांत ‘आरोपीची पोलिसांसमोर कबुली’ असा मथळा दिसला, की खटला संपलाच असं लोक धरून चालतात. तसं नसतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 नुसार पोलिस अधिकाऱ्यासमोरची कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. कोठडीतल्या आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला तेवढाच भाग चालतो. ‘चाकू विहिरीत टाकलाय’ एवढं घेता येईल, ‘त्याच चाकूने मारलं’ हे नाही.

तपासातला कबुलीजबाब टिकायचा असेल तर तो सहसा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम 183 खाली दंडाधिकाऱ्यापुढे व्हावा लागतो. आधी दोन गोष्टी समजावून सांगायच्या: कबुली देणं बंधनकारक नाही, आणि दिली तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. मग ती स्वखुशीची आहे याची खात्री, नोंद, आरोपीची सही, खाली दंडाधिकाऱ्याचं टिपण. ऐन वेळी आरोपी नको म्हणाला, तर दंडाधिकारी त्याला पोलिस कोठडीत धाडू शकत नाही. ही तरतूद मला सगळ्यांत शहाणी वाटते. नाही म्हटल्यावर पुन्हा त्याच खोलीत जायचं असेल, तर नाही म्हणणार कोण?

लिहिताना एक चूक हमखास होते. ‘कबूल’मध्ये बू दीर्घ, पण ‘कबुली’, ‘कबुलायत’, ‘कबुलीजबाब’मध्ये ऱ्हस्व.

गोव्यातल्या ख्रिस्ती कोंकणीत या सगळ्याचा मागमूस नाही. तिथे पाद्रीपुढे पापांची कबुली देणं म्हणजे कुमसार, पोर्तुगीज ‘कन्फेसार’ घासून घासून झालेलं.