डाव्या गुडघ्याचे साडेदहा महिने

बॉल माझ्यापासून दोन हातांवर होता आणि जवळपास कुणीही नव्हतं. हे आधीच सांगतो, कारण नंतर कित्येक महिने भेटेल तो एकच विचारायचा, "कुणी मारला रं?" कुणीच मारला नव्हता. मुंबईत आमच्या क्लबची सरावाची मॅच चालू होती. मी डावीकडून आत शिरलो, समोरच्या स्टॉपरला, म्हणजे मधल्या बचावपटूला चकवून बॉल उजव्या पायावर घ्यायचा म्हणून डावा पाय रोवला. अंग वळलं, पाय वळला नाही. बूट टर्फमध्ये अडकला, गुडघा आतल्या बाजूला गेला आणि आतून टक् असा आवाज आला. तो आवाज मला ऐकूही आला आणि जाणवलाही. मी ओरडलो ते दुखण्यापेक्षा भीतीने.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. कोल्हापुरात मंगळवार पेठेत वाढलो. आमच्याकडे फुटबॉल तालमींचा आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालमींची नावं आणि हेच संघ. शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुपारपासून गल्ली रिकामी. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप भारतात झाला आणि आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून फॉरवर्ड, म्हणजे गोल मारायला पुढे खेळला, तेव्हा आमच्या वयाच्या प्रत्येक पोराला वाटलं की हा रस्ता खरोखर कुठेतरी पोचतो. मीही पेठेतून निघून मुंबईच्या लीगमध्ये पोचलो होतो. एका सीझनचा करार, महिन्याला ठरलेला पगार, चार जणांत एक खोली. मोठं काही नव्हतं, पण फुटबॉल खेळून घरी पैसे पाठवत होतो.

गुडघा दोन तासांत टम्म सुजला. इतक्या झटपट आलेली सूज म्हणजे बहुतेक वेळा आत रक्त साचलेलं असतं आणि आतलं काहीतरी फाटलेलं असतं, हे मला माहीत नव्हतं. एक्स-रे काढला, हाड ठीक निघालं. लिगामेंट (हाडाला हाड बांधणारी दोरी) ताणलं आहे, तीन आठवडे आराम करा असं मला सांगण्यात आलं. लिगामेंट एक्स-रेत दिसतच नाही, हेसुद्धा मला नंतर कळलं. आठ दिवसांत सूज ओसरली, मी सरळ चालायला लागलो, जिना चढायला लागलो. चौथ्या आठवड्यात सरावाला उतरलो. साध्या पासिंगमध्ये मागे वळलो आणि मांडी एकीकडे, नडगी दुसरीकडे अशी सटकली. त्या दुसऱ्या वेळेला गुडघ्यातली गादीही फाटली. गुडघ्याचा टक् आवाज आला असेल आणि त्याच दिवशी सूज आली असेल, तर सरळ चालता येतंय यावर विश्वास ठेवू नका. एमआरआय करा. माझी ती एक घाई मला पुढे सहा आठवड्यांना पडली.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी एमआरआय बघायच्या आधीच सांगून टाकलं. त्यांनी माझा उजवा गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढली, ती जरा सरकून दोरी ताणल्यासारखी थांबली. मग डावी ओढली. ती थांबलीच नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघून ते म्हणाले, "एसीएल गेलंय. खेळायचंय ना? मग ऑपरेशन." एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत तिरकी असलेली दोरी. नडगीला पुढे सरकू न देणं आणि वळताना गुडघा जागेवर धरणं हे तिचं काम. सरळ चालायला ती फारशी लागत नाही, वळायला लागते. आणि माझ्यासारख्या फॉरवर्डचं पोट वळण्यावर चालतं.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. दुर्बिणीतून केलं, मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगचे दोन स्नायुबंध काढून त्यांची नवी दोरी बसवली, गादीला टाके घातले. ऑक्टोबरचा मध्य होता. त्याआधीचा महिना मात्र महत्त्वाचा. फिजिओ मॅडमनी तेव्हाच कामाला लावलं. सूज पूर्ण उतरव, गुडघा पूर्ण सरळ कर, मांडी जमेल तेवढी मजबूत कर, मगच टेबलावर जा. जसा गुडघा आत जातो तसा बाहेर येतो, असं त्या म्हणायच्या.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू झाली आणि ती अगदी क्षुल्लक दिसणारी होती. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि मांडीचा पुढचा स्नायू आवळून ती गुंडाळी दाबायची. एवढंच. मी आवळायला गेलो आणि काहीच झालं नाही. ज्या मांडीने मी हजारो शॉट मारले, ती माझं ऐकेना. मॅडम म्हणाल्या, गुडघ्यात सूज असली की मेंदू मांडीचा स्नायू बंदच करून ठेवतो. त्यात तुझा दोष नाही, पण रोज शंभर वेळा हाक मारत राहायचं. दहा दिवस मी घरच्या कॉटवर बसून त्या मांडीकडे बघत हाका मारल्या. अकराव्या दिवशी वाटीच्या वर किंचित थरथर झाली. आई दारात उभी होती, तिला ती माझ्याआधी दिसली. तिने शिलाई मशीनच्या डब्यातली मोजपट्टी आणली आणि दोन्ही मांड्या मोजल्या. डावी साडेचार सेंटिमीटर बारीक झाली होती. त्या दिवसापासून दर रविवारी ती मापं घ्यायची आणि कॅलेंडरवर लिहायची.

गादीच्या टाक्यांमुळे सहा आठवडे कुबड्या आणि नव्वद अंशांपुढे गुडघा वाकवायला बंदी. लोकांना वाकण्याची काळजी असते. मॅडमना सरळ होण्याची होती. पाय शेवटच्या दोन-तीन अंशांत सरळ झाला नाही तर चाल बिघडते, मांडी कधीच पुरती भरत नाही. म्हणून टाचेखाली उशी ठेवून, गुडघा अधांतरी सोडून मी पंधरा-पंधरा मिनिटं पडून राहायचो. वेदना होती, पण चालण्यासारखी. मग सायकल, मग बैठका. तालमीतल्या बैठका मी लहानपणापासून घातल्या होत्या. आता आरशासमोर उभं राहून एका पायावर पाव बैठक घालायची आणि गुडघा आत पडतोय का ते बघायचं. पडायचा. दर वेळी पडायचा. ज्या आतल्या झोक्याने दोरी तोडली, तो माझ्या चालीत आधीपासून होता आणि इतक्या वर्षांत मला तो कुणी दाखवला नव्हता.

सगळ्यात धोक्याचा काळ तिसरा महिना. तोवर दुखणं गेलेलं असतं, सूज नसते, पाय आपला वाटायला लागतो. आणि नेमकी तेव्हाच आतली नवी दोरी सगळ्यात कच्ची असते. बसवलेल्या स्नायुबंधाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, तो आतून मोडून नव्याने बांधला जातो. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात त्याचा भरवसा सगळ्यात कमी. माझा तिसरा महिना जानेवारीत आला. जानेवारी म्हणजे कोल्हापुरात सीझन रंगात. घरात बसलं तरी स्टेडियमचा आवाज ऐकू यायचा. पेठेतली माणसं प्रेमाने घरी यायची, म्हणायची, "भावा, पळू नकोस. नुसता डीमध्ये उभा रहा, बॉल आम्ही आणून देतो." त्यांच्यावर राग नव्हता. पण डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, नुसतं उभं राहता येत नाही. बचावपटूच्या पाठीमागून पुढे झेपायचं, थांबायचं, परत मागे सरायचं, हेडरला उडी मारून एका पायावर उतरायचं, हे सगळं तिथेच असतं.

मला धरून ठेवलं दोन गोष्टींनी. मॅडमनी २०१६ मधला एक अभ्यास वाचून दाखवला, अमेरिकेतल्या डेलावेअर आणि नॉर्वेतल्या ऑस्लो इथल्या रुग्णांचा. नऊ महिने पूर्ण होईपर्यंत परतीचा प्रत्येक महिना पुढे ढकलला, की पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण साधारण निम्म्याने घटत गेलं होतं. दुसरी गोष्ट, हॉलंडचा फॉरवर्ड रूड व्हान निस्टलरॉय. एप्रिल २००० मध्ये मँचेस्टर युनायटेडकडे जाणं ठरलेलं असताना त्याची हीच दोरी तुटली. तो एक वर्ष थांबला, २००१ मध्ये गेला आणि युनायटेडसाठी २१९ सामन्यांत १५० गोल केले. त्या एका थांबलेल्या वर्षाचा मी रात्री पडल्या पडल्या फार विचार केला. त्याच एप्रिलमध्ये ब्राझीलच्या रोनाल्डोचा वाटीखालचा स्नायुबंध इटलीतल्या लॅझिओ संघाविरुद्ध मैदानात आल्यावर काही मिनिटांतच पुन्हा तुटला होता. दुखापत वेगळी, पण ते दृश्य मी एकदाच बघितलं, परत बघितलं नाही.

क्लबचं सांगतो. पगार दोन महिने आला, मग थांबला. फिट झालास की फोन कर, असं सांगितलं गेलं. ऑपरेशनला दीड लाखाच्या वर गेले, त्यातले बरेच बाबांच्या ठेवीतले. माझ्या करारात दुखापतीबद्दल एक ओळही नव्हती आणि सही करताना मी ती शोधलीही नव्हती. पोरांनो, सही करायच्या आधी तीन गोष्टी विचारा: उपचाराचा खर्च कोण करणार, पगार किती दिवस चालू राहणार, विमा आहे का. आमच्या आधीच्या पिढीला कंपन्यांचे आणि बँकांचे संघ होते. गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची राहायची. महिंद्रा युनायटेडसारखा संघही २०१० मध्ये बंद झाला. आता सीझन संपला की सगळं संपतं. मी सकाळी लहान मुलांना शिकवून महिन्याचा खर्च काढला.

साडेचार महिन्यांनी पळायला लागलो. सरळ पळणं लवकर आलं. थांबणं आलं नाही. पूर्ण वेगात येऊन तीन पावलांत थांबायचं, ही फॉरवर्डची खरी ताकद आहे, कारण बचावपटू पुढे वाहून जातो आणि तुम्हाला जागा मिळते. डावा पाय ब्रेक घ्यायचाच नाही, सगळा भार उजवा उचलायचा. सहाव्या महिन्यात एका पायावरच्या लांब उडीची चाचणी झाली. डावा उजव्याच्या ७८ टक्के. किमान ९० हवे. आठव्यात ८८. मी गयावया केली, मॅडम हलल्या नाहीत. नवव्यात ९३.

आकडे भरले आणि तरी मी फॉरवर्ड झालो नव्हतो. सरावात गोलकडे पाठ करून बॉल घ्यायचो आणि लगेच मागे देऊन टाकायचो. वळायचोच नाही. माझ्या जुन्या सरांनी दोन दिवस बघितलं आणि बाजूला घेऊन विचारलं, "तू बॉलपासून पळतोयस, माहितीये का तुला?" मला माहीत होतं. मग मॅडम आणि सरांनी मिळून ज्या जागी ते घडलं तीच जागा आखली. डावीकडून आत यायचं, समोर उभा पोरगा ऐन वेळी लाल किंवा निळं ओरडणार, त्यावर आत जायचं की बाहेर ते ठरवायचं. म्हणजे लक्ष गुडघ्यावर राहूच नये. सुरुवातीला चालत, मग हळू, मग पूर्ण वेगात. दिवसाला चाळीस वेळा, पाच आठवडे. एका संध्याकाळी घरी जाताना लक्षात आलं की आज गुडघ्याचा विचार एकदाही आला नाही. मी गाडी बाजूला लावली आणि थोडा वेळ तिथेच बसून राहिलो.

ऑगस्टच्या शेवटी पुण्यात एका क्लबची ट्रायल होती. ग्राउंड पावसाने जड झालेलं. मला शेवटची पंचवीस मिनिटं दिली. बाराव्या-तेराव्या मिनिटाला डावीकडे बॉल मिळाला. स्टॉपर पुढे आला, मी डावा पाय रोवला, आत आलो, उजव्याने मारला. गोलकीपरने पायाने अडवला आणि बॉल कॉर्नरला गेला. कॉर्नर घ्यायला पोरं पळाली तेव्हा मला कळलं की मी नुकतंच काय केलं.

रात्री मॅडमना फोन केला. गोल झाला का, हे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाल्या, "सूज बघ आणि मला सांग." आईने बॅगेत मोजपट्टी टाकली होती. कॉटवर पाय लांब करून मापं घेतली. दोन्ही गुडघे साडेछत्तीस. डावी मांडी अजून एक सेंटिमीटर कमी. दोन्ही आकडे मॅडमना आणि आईला पाठवले, टाचेखाली उशी घेतली आणि पडलो. सकाळी साडेसहाला परत ग्राउंडवर बोलावलं होतं.